बाळंतपणाची भीती वाटते आणि ती जात नाही

सांजसावली
३१ वा आठवडा चालू आहे. पहिलंच. माझी तब्येत, रिपोर्ट, बाळाची वाढ, सगळं व्यवस्थित. दिवसा मीही व्यवस्थित असते. रात्री तीनला बाथरूमला उठते आणि मग झोप संपली. छताकडे बघत एकच विचार: हे बाळ आत आहे, ते बाहेर येणार आहे आणि मधेच "नको, राहू दे" म्हणायची सोय नाही.

कुणाला सांगितलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "अगं सगळ्या बायकांचं होतं, तुझंही होईल." मान्य. मरतातही सगळेच, म्हणून कुणी मरणाला घाबरायचं सोडलंय का? नवरा बिचारा त्याच्या परीने मदत करतो. कळा मोजायला त्याने आतापासूनच एक्सेलचा तक्ता करून ठेवलाय, रंगांसकट.

तुम्हाला भीती वाटली होती का? वाटली असेल तर नेमकं काय केलंत? "सकारात्मक विचार कर" सोडून काहीही सांगा.

मृदुला_ज
+१. ३४ वा. मीपण तीन वाजताच्या पाळीला असते. वाचतेय.

जुई_माई
माझी तीन. तिन्ही नॉर्मल. भीती वाटते का, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही, त्यामुळे वाटत होती की नाही तेच आठवत नाही. पण एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. कळ अखंड नसते. मला वाटायचं, एकदा सुरू झालं की बाळ होईपर्यंत सलग तेच दुखणं. तसं नसतं गं. ती चढते, टोकाला जाते, उतरते, मिनिटभराचा खेळ. मग मधे काहीच नाही. खरंच काही नाही! पहिल्या वेळी दोन कळांच्या मधे मी चक्क घोरले, असं सिस्टर सांगत होत्या. बारा तास म्हणजे बारा तास दुखणं नव्हे. शेवटी शेवटी मधली फट लहान होते, ते खरं. पण फट असते.

तिरकस
पुरुष आहे, त्यामुळे कोपऱ्यात उभा राहून वाचतो. ती म्हण आहे ना, वांझेला काय कळणार वेणा, तसं माझं. ह.घ्या.

निशाचर
हलकं घेता येत नाही. सहा वर्षं उपचार घेऊन मला मूल झालंय. ती म्हण त्या सहा वर्षांत कितीदा ऐकली असेन. दुसरं काहीही म्हणा.

तिरकस
चूक झाली. माफ करा. मनापासून.

खडूस काकू
सांजसावली, पहिलं काम: लोकांच्या गोष्टी ऐकणं बंद कर. गोष्ट सांगावीशी कुणाला वाटते? जिचं काही बिनसलं तिला. "संध्याकाळी गेले, सकाळी मुलगी झाली, चार टाके पडले, आठवड्याने बसता आलं" ही गोष्ट कोण रंगवून सांगणार? माझी तीच आहे. पस्तीस वर्षांत कुणी विचारली नाही. पोटुशी बाई दिसली की काहींच्या अंगात कथेकरी संचारतो. त्यांना सरळ सांगायचं, "माझं झाल्यावर सांगा." मी सुनेला हेच वाक्य पाठ करून दिलं होतं. तिने पहिल्यांदा ते माझ्यावरच वापरलं.

अबोली
मी भूलतज्ज्ञ आहे. नेमका सल्ला तुझ्या डॉक्टरांचाच घे, मी फक्त यंत्रणा सांगते.

ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने १९३० च्या दशकात एक चक्र मांडलं: भीतीने शरीर ताठरतं, ताठरल्याने जास्त दुखतं, दुखल्याने भीती वाढते. त्यात तथ्य आहे. कळा आणतं ते ऑक्सिटोसिन, आणि घाबरल्यावर वाढतं ते अ‍ॅड्रेनॅलिन. अ‍ॅड्रेनॅलिन खूप वाढलं तर कळा मंदावू शकतात. म्हणून मंद दिवे, ओळखीचा माणूस, कोमट पाणी, हालचाल या गोष्टी केवळ लाड नव्हेत.

पण या सिद्धांताचं शेपूट मला अजिबात पटत नाही. "घाबरली नाहीस तर दुखणार नाही" असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मग जिला दुखलं तिचीच चूक ठरते. गर्भाशय हा जबरदस्त ताकदीचा स्नायू आहे आणि त्याच्या तोंडाला दहा सेंटीमीटर उघडायचंय. न घाबरणारीलाही दुखतं.

मोगरा_१२
अबोली, थोडी असहमत. मी काही न घेता बाळंत झाले. श्वासाचा सराव पाचव्या महिन्यापासून. कळ आली की लांब उच्छ्वास, जबडा सैल, खांदे सैल. दुखलं, पण झेपलं. शरीराला माहीत असतं काय करायचं, आपण मधे मधे करतो म्हणून बिघडतं.

खडूस काकू
शरीराला सगळं माहीत होतं तर मला चार टाके कसे पडले? त्याला माप घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं वाटतं.

मोगरा_१२
काकू :हाहा: मलाही दोन पडले. ते लिहायचं राहिलं.

निशाचर
मोगरा, तुला झेपलं याचा आनंदच आहे. पण अशीच वाक्यं वाचून वाचून मी एपिड्युरल (कमरेत बारीक नळी घालून देतात ती कळांवरची भूल) मागायला नऊ तास लावले. मागणं म्हणजे हरणं, असं डोक्यात बसलं होतं. शेवटी मागितलं तेव्हा नऊ तासांची जागी होते. आणि तेही लगेच जादूसारखं चाललं नाही. डावी बाजू बधिर, उजवीकडे जसंच्या तसं! मग कुशीवर वळवलं, नळी जरा मागे घेतली, औषध वाढवलं, आणि अर्ध्या तासाने मी नवऱ्याशी गप्पा मारत होते. पाय जड होतात, उठून फिरता आलं नाही, लघवीची नळी लावली. हे सगळं धरूनही पुन्हा घेईन, आणि नऊ तास थांबणार नाही.

सांजसावली
एपिड्युरलने कायमची पाठदुखी मागे लागते का? ही सुई पाठीच्या कण्यात जाते म्हणे. मला त्याचीही भीती वाटते. (होय, मला उपायाचीही भीती वाटते.)

अबोली
सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात देतात, आणि रज्जूत नव्हे तर त्याच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत. सुई बाहेर काढतात, आत राहते ती बारीक लवचीक नळी. टोचलं तिथे काही दिवस ठणकतं. कायमची पाठदुखी त्याने येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर पाठ पुष्कळ जणींची दुखते, एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. सिझेरियनचं प्रमाणही त्याने वाढत नाही.

जे होऊ शकतं तेही सांगते: रक्तदाब उतरणं, खाज, थोडा ताप, जोर लावायचा टप्पा लांबणं. आणि साधारण शंभरात एखादीला आवरणाला छिद्र पडून काही दिवस तीव्र डोकेदुखी, जिच्यावर उपचार आहे. तुझ्या दवाखान्यात ही सोय चोवीस तास आहे का, ते आत्ता विचारून ठेव. पुष्कळ ठिकाणी नसते, आणि ते कळांमधे कळण्यात अर्थ नाही.

शब्दवेडा
"कळांमधे कळण्यात" :हाहा:

अवांतर, पण राहवत नाही. मराठीत "कळ" काय काय करते बघा. कळ येते, कळ सोसतो, कळ काढतो, कळ लावतो आणि कळ दाबतोही. "वेणा" थेट संस्कृत वेदनेवरून आलाय. आणि बाळंत झाली की "सुटली", "मोकळी झाली", "सुखरूप सुटका झाली". तुरुंगातून बाहेर आल्यासारखं. भाषेलाच भीती वाटते, तर सांजसावलीला का वाटू नये?

तिरकस
कळ दाबली की बंद होणारी कळ हवी होती. देवाने एकच शब्द दिला आणि खटका द्यायला विसरला.

मोगरा_१२
"पहिलटकरीण" विसरलात. किती छान शब्द आहे. प्रायमी म्हणतात हल्ली दवाखान्यात.

शब्दवेडा
हो, आणि भूल द्यायचा इतिहासही सांगून टाकतो. जेम्स सिम्पसनने १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा वेदना ईश्वरदत्त आहेत म्हणून आक्षेप घेतले गेले. मग ७ एप्रिल १८५३ ला राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात जॉन स्नोकडून क्लोरोफॉर्म घेतला, आणि विरोधाचा आवाज बराच खाली आला. हा तोच स्नो, ज्याने पुढच्या वर्षी लंडनमध्ये पटकीचं मूळ एका पाण्याच्या पंपाशी नेऊन भिडवलं.

खडूस काकू
सात झाल्यावर तीसुद्धा म्हणाली, पुरे! निशाचर, तुझे नऊ तास राणीपुढे काहीच नाहीत.

वळीव
बराच वेळ लिहू की नको करत होते. माझी गोष्ट त्या "रंगवून सांगणाऱ्यां"तली वाटेल, पण मुद्दा वेगळा आहे.

पहिल्या वेळी मला दुखण्याने घाबरवलं नाही. मी ओरडले तेव्हा एक बाई म्हणाली, "आता ओरडतेस, तेव्हा कळलं नव्हतं का?" खोलीत पाच माणसं, त्यातल्या दोघांची नावंही मला माहीत नव्हती. कोण कधी तपासतंय ते सांगत नव्हते. बाळाला वाट मोठी करायला खाली कात्रीने छेद घेतला तेव्हाही विचारलं नाही, टाके घालताना कळलं. बाळ ठणठणीत, मी ठणठणीत, कागदावर सगळं उत्तम. पुढचं वर्षभर मी त्या रस्त्याने जायचं टाळलं.

दुसऱ्या वेळी जागा बदलली आणि एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या. तपासण्याआधी सांगा. नवरा सोबत राहील. गरज नसताना छेद नको, गरज वाटली तर मला सांगून. वेदनाशामक मागितलं तर "थोडं थांब" म्हणू नका. डॉक्टरांनी आठव्या महिन्यातच तो वाचून फाइलला लावला. दुखलं तेवढंच, कदाचित जास्तच, कारण बाळ मोठं होतं. पण ते वर्षभराचं दुखणं या वेळी नव्हतं.

निशाचर
वळीव, __/\__

अबोली
वळीव, "तेव्हा कळलं नव्हतं का" हे वाक्य मीही ऐकलंय, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. तेव्हा मी गप्प बसले होते. अजून टोचतं.

तुझ्या चारही ओळींत अवाजवी काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही हेच आहे: सन्मानाची वागणूक, आवडीची सोबत, मागितल्यास वेदनाशमन, आणि सरसकट छेद न घेणं. आणखी एक गोष्ट तिथे आहे, जी सांजसावलीला रात्री तीनला उपयोगी पडेल. पूर्वी तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असा हिशेब धरायचे. आता तो धरू नये म्हणतात. कळांचा जोमदार टप्पाच पाच सेंटीमीटरपासून मोजतात आणि पहिलटकरणीला त्यापुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई-बाळ ठीक असतील तर सावकाश जाणं म्हणजे बिघडणं नव्हे.

बाबाआदम
नवऱ्याच्या बाजूने एक अनुभव. मी वर्गाला जाऊन आलो होतो, सगळं पाठ. पहिल्याच मोठ्या कळेला म्हणालो, "श्वास घे, श्वास घे." बायको म्हणाली, "तू गप्प बस. पण जाऊ नकोस." पुढचे आठ तास मी हेच केलं. कमरेच्या खाली तळहाताने जोरात दाबत राहिलो, ओठांना पाणी लावलं, आणि कुणी काही विचारलं की तिच्याऐवजी मी उत्तर दिलं. त्या अवस्थेत माणसाला आपलं वय किती आणि कशाची अ‍ॅलर्जी हे सांगायला लावू नये.

मोगरा_१२
सोबतीवर मोठा अभ्यास आहे. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून बघतात तो) २६ चाचण्या आणि १५ हजारांवर बायका होत्या. सतत कुणी सोबत असेल तर नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं, कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझर कमी होतात. सोबत नवऱ्याचीच हवी असंही नाही. आई, बहीण, मैत्रीण, जिच्यासमोर लाज वाटणार नाही अशी कुणीही.

मृदुला_ज
लाजेवरून आठवलं. एक विचारू? हसू नका. जोर लावताना शी होते का? मला कळांपेक्षा याचीच जास्त भीती आहे. नवरा उभा असणार तिथे.

जुई_माई
होते. पुष्कळ जणींना होते.

निशाचर
होते. सिस्टर क्षणात पुसून टाकतात, तुला कळतही नाही. उलट जोर बरोबर जागी लागतोय याची ती खूण.

बाबाआदम
मी उभा होतो. मला काहीही दिसलं नाही. (हे उत्तर सर्व नवऱ्यांनी पाठ करावं.)

मृदुला_ज
तीन महिन्यांचं ओझं उतरलं. धन्यवाद मंडळी. आता झोपते.

सांजसावली
सगळं दोनदा वाचलं. एक गंमत सांगते. टाके, सुई, दहा सेंटीमीटर, हे वाचताना पोटात गोळा आला, पण वाचत राहिले. वळीवच्या प्रतिसादात "तेव्हा कळलं नव्हतं का" वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. दहा मिनिटांनी उचलला.

म्हणजे मला दुखण्याची भीती आहेच, पण तीनला जागी ठेवते ती दुसरीच. मी उघडी, घाबरलेली, ओरडणारी, आणि समोर कुणीतरी वैतागलेलं. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. मी दुखण्यावरची माहिती वाचत होते आणि भीती हलत नव्हती.

वळीव
मग लेबर रूम बघून ये. खरंच जा. विचार, दाखवतात. आणि जिथे दाखवायला कुरकुर करतात तिथे का करतात, तेही विचार.

खडूस काकू
आणि ओरडायचं असेल तर ओरड. माझ्या शेजारच्या खाटेवरची गात होती. तिला कुणी गाऊ नको म्हटलं नाही, तर मग ओरडू नको कसं म्हणतात?

अबोली
सांजसावली, आणि वाचणाऱ्या इतर जणींसाठीही. भीती इतकी असेल की तपासणीच टाळावीशी वाटते, रोजची झोप जाते, छातीत धडधडतं, मूल हवं असूनही दिवस राहण्याचीच धास्ती वाटते, तर तिला टोकोफोबिया म्हणतात. हा शब्द वैद्यकीय लिखाणात २००० मध्ये रुळू लागला, पण मार्से या फ्रेंच डॉक्टरने असं वर्णन १८५८ मध्येच करून ठेवलंय. काहींना ती पहिल्यापासून असते, काहींना वाईट अनुभवानंतर येते, वळीवला आली तशी. हा भित्रेपणा नव्हे. समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. आधीपासून ठरवून सिझेरियन हवं वाटत असेल तर तेही डॉक्टरांशी मोकळेपणी बोलायचा विषय आहे, त्याचे धोके-फायदे समजून घेऊन. सांगितलंच पाहिजे मात्र. फाइलमध्ये भीतीचा रकाना नसतो.

तिरकस
एक्सेलमध्ये असेल. सांजसावलीच्या यजमानांना विचारा.

सांजसावली
तिरकस, यजमान म्हणतायत, रकाना वाढवलाय :हाहा:

आज जाऊन आलो. खोली माझ्या डोक्यातल्यापेक्षा लहान आहे. खिडकी आहे. पलंग वर-खाली होतो, आणि शेवटपर्यंत उताणंच पडून राहायची सक्ती नाही, उभं राहता येतं, कुशीवर झोपता येतं. डॉक्टरांना माझ्या चार ओळी दाखवल्या. (वळीव, तीन तुझ्याच आहेत.) त्यांनी तीन मान्य केल्या. छेदाबद्दल म्हणाल्या, "सरसकट घेत नाही, पण बाळाचे ठोके पडले तर विचारायला दहा सेकंदच मिळतील." हे ऐकून बरं वाटलं. नुसतं "हो हो" म्हटलं असतं तर मला विश्वास बसला नसता. शेवटचे काही आठवडे खालच्या भागाला मालिश करायचं कसं, तेही दाखवलं, त्याने पहिल्या खेपेला फाटायचा धोका कमी होतो म्हणाल्या.

एक उत्तर आवडलं नाही. मोठी बहीण आणि नवरा दोघं चालतील का विचारलं, तर "त्या वेळी बघू." ते पुढच्या वेळी पुन्हा विचारणार आहे.

बाबाआदम
एक्सेलवाल्यांसाठी आकडे. पाच मिनिटांनी एक कळ, प्रत्येक साधारण मिनिटभर, आणि असं तासभर चाललं की निघायचं, असं आम्हाला सांगितलं होतं. घर लांब असेल तर आधी. खोट्या कळा जागा बदलली, फिरलं, पडलं की विरतात. खऱ्या जवळ जवळ येत जातात, लांबत जातात.

अबोली
आणि काही गोष्टींत आकडे मोजत बसायचंच नाही. पाणी गेलं (हिरवट असेल तर अजिबातच नाही), रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा डोकं फुटेलसं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सरळ फोन आणि सरळ निघा.

खडूस काकू
आणि इथे लिहीत बसू नका. मला माहितीये तुम्ही लोक.

सांजसावली
(सात आठवड्यांनी) धागा वर काढतेय. काल रात्री जाऊन आले. आणि परतही आले.

सव्वादोनला सुरू झालं. नवऱ्याने एक्सेल उघडलं. सात मिनिटं, सहा, सहा, पाच, नऊ, पाच. पावणेपाचला निघालो. तिथे पलंगावर पडल्यावर कळा गायब! ठोके बघितले, उत्तम. तपासलं, दीड सेंटीमीटर. घरी जा म्हणाले.

इतके दिवस मी ज्या चेहऱ्याला घाबरत होते तो तिथे असायला अगदी योग्य वेळ होती. पहाटे साडेपाच, मी विनाकारण आलेली. सिस्टरने हातमोजे घातले आणि म्हणाली, "आता तपासते, चालेल?" मला एवढं रडू आलं की तिला वाटलं दुखतंय. जाताना म्हणाली, "परत वाटलं तर परत या. दहादा या."

भीती आहे अजून. दुखण्याची. तीनलाही उठते, पण ते बाथरूमसाठी, आणि परत झोप लागते.

वळीव
"चालेल?" किती छोटा शब्द आहे.

मृदुला_ज
माझं झालं गं, मागच्याच्या मागच्या आठवड्यात! मुलगी. चौदा तास, एपिड्युरल, तीन टाके. सविस्तर नंतर, एक हात मोकळा आहे. तो प्रश्न विचारला होता ना, नवऱ्याला विचारलं. म्हणतो, "मला काहीही दिसलं नाही."

बाबाआदम
शाब्बास.

तिरकस
पण एक्सेलचं काय झालं?

सांजसावली
आलेख काढलाय. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायचा म्हणतोय.

जुई_माई
त्याला म्हणावं आता झोप. आणि तूही दुपारची जरा आडवी हो.